शिल्पकार बर्निनी

इटलीची राजधानी रोम हे फार प्राचीन शहर आहे. तेथे हिंडणाऱ्या प्रवाशाला पावलोपावली संगमरवरी पुतळे, भव्य देवालये आणि थुईथुई नाचणारी कारंजी दिसतात. नव्होना नावाच्या चौकातील एका कारंज्यापाशी आला, की भारतीय प्रवाशाचे पाऊल आपोआप थबकते. तेथे एका खडकावर जगातील चार महानद्यांच्या मूर्ती बसविलेल्या आहेत आणि त्यांतील एक मूर्ती आपल्या गंगेची आहे. भारतापासून हजारो कोस दूर असलेल्या या नगरीत, सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी, गंगेला मानाचे स्थान देणारा तो कलावंत कोण होता? त्याचे नाव ज्यान लोरेंझो बर्निनी. रोमचे आजचे रूप घडविण्यात या शिल्पकाराचा आणि त्याच्या घराण्याचा फार मोठा वाटा आहे.

ज्यान लोरेंझोचा पिता पिएत्रो हाही शिल्पकारच होता. फ्लॉरेन्सजवळील सेस्तो या गावी १५६२ साली त्याचा जन्म झाला. पोटासाठी आणि कलेसाठी तो दक्षिणेकडील नेपल्स या शहरी गेला व तेथेच त्याने संसार थाटला. त्या नेपल्समध्ये ७ डिसेंबर १५९८ रोजी ज्यान लोरेंझोचा जन्म झाला. घरात मुलांचा गोतावळा मोठा होता. अंगणात संगमरवराच्या शिळा पडलेल्या, कानांवर दिवसभर छिन्नीहातोड्याचा नाद आणि अंगावर पांढऱ्या शुभ्र दगडाची धूळ, अशा वातावरणात हे मूल वाढले. इतर मुले ज्या वयात मातीची खेळणी करतात, त्या वयात याच्या हाती बापाने छिन्नी दिली. दगडाची शीर कोठून कोठे जाते, कोणता घाव हलका हवा आणि कोणता जोराचा, कोठे छिन्नी थांबवून कानस घ्यावी, हे धडे त्याने पुस्तकातून घेतले नाहीत; बापाच्या शेजारी उभे राहून घेतले.

१६०६ च्या सुमारास पिएत्रोला रोमहून बोलावणे आले. पाचवा पोप पॉल हा त्या वेळी ख्रिस्ती धर्माचा मुख्य होता. सान्ता मारिया माज्जोरे या पुरातन चर्चमध्ये तो एक नवे प्रार्थनामंदिर बांधवीत होता आणि त्यासाठी त्याला कुशल कारागीर हवे होते. पिएत्रो सर्व कुटुंबासह रोमला आला. आठ वर्षांच्या ज्यान लोरेंझोला जणू अलिबाबाची गुहाच सापडली. पोपच्या प्रासादात प्राचीन ग्रीक व रोमन शिल्पांचा मोठा संग्रह होता. हा मुलगा सकाळीच तेथे जाई आणि दिवस मावळेपर्यंत त्या मूर्तींची चित्रे काढीत बसे. असा क्रम त्याने एक दोन दिवस नव्हे, तर कित्येक वर्षे चालविला. त्याच्या चित्रकलेची कीर्ती खुद्द पोपच्या कानी गेली. पोपने त्याला समोर बसवून सेंट पॉलचे मस्तक काढावयास सांगितले आणि मुलाने ते पाहता पाहता काढून दाखविले, अशी कथा त्याच्या चरित्रकारांनी सांगितली आहे.

मुलगा आपल्या पुढे जाणार, हे पिएत्रोने लवकरच ओळखले. अशा वेळी एखाद्या कारागिराच्या मनात मत्सर उत्पन्न झाला असता. पिएत्रो तसा नव्हता. मुलाकडून होणारा पराभव हा बापाचा विजयच होय, ही त्याची भावना होती. त्याने आपली सर्व विद्या, सर्व ओळखी आणि स्वतःची कार्यशाळा मुलापुढे ठेवली. मुलाचे नाव मोठे होऊ लागले, तसा बाप आनंदाने मागे सरला.

पोपचा भाचा कार्डिनल शिपिओने बोर्गेझे हा कलेचा मोठा भोक्ता होता. त्याने या तरुण शिल्पकाराला एकामागून एक कामे सांगितली. पहिले मोठे शिल्प १६१९ साली पूर्ण झाले. ट्रॉय नगर शत्रूने जाळले, तेव्हा ईनिअस नावाचा वीर आपल्या वृद्ध पित्याला खांद्यावर घेऊन आगीतून बाहेर पडला, अशी प्राचीन कथा आहे. आपल्या श्रावणाने मातापित्यांची कावड वाहिली, तशीच ही पितृभक्तीची कथा. या शिल्पात वृद्ध पित्याच्या हाती घरचे देव आहेत, मागून लहानगा नातू चालत आहे आणि मध्ये भार वाहणारा तरुण पुत्र आहे. म्हाताऱ्याची सुरकुतलेली कातडी, तरुणाचे पिळदार स्नायू आणि बालकाचे गुबगुबीत अंग हा तीन वयांतील भेद विशीतल्या मुलाने एकाच दगडातून दाखविला. बापाच्या हाताखाली शिकलेल्या मुलाने पहिल्या मोठ्या कामासाठी पित्याला खांद्यावर वाहणाऱ्या पुत्राची मूर्ती घडवावी, हा योग मोठा हृदयंगम आहे.

पुढील सहा वर्षांत त्याने आणखी तीन शिल्पे केली आणि सारे रोम चकित झाले. त्यांतील एक डेव्हिडचे. डेव्हिड नावाच्या मेंढपाळ मुलाने गोफणीने धोंडा मारून गोलायथ या राक्षसी योद्ध्याला लोळविले, ही बायबलातील कथा प्रसिद्ध आहे. मायकेल अँजेलोने १५०४ साली पूर्ण केलेला डेव्हिड युद्धापूर्वी शांतपणे उभा आहे. बर्निनीचा डेव्हिड मात्र उभा नाही. त्याने सर्व अंग पिळले आहे, गोफण ताणली आहे, ओठ घट्ट मिटले आहेत आणि पुढच्याच क्षणी धोंडा सुटणार आहे. पाहणाऱ्याला वाटते, की आपण बाजूला सरावे. हा मुद्रेवरील आवेश साधण्यासाठी बर्निनी आरशात स्वतःचा चेहरा पाहत असे, आणि तो आरसा कधी कधी माफेओ बार्बेरिनी नावाचा कार्डिनल स्वतः धरून उभा राही, असे सांगतात.

दुसरे शिल्प अपोलो व डाफ्ने यांचे. अपोलो हा देव डाफ्नेचा पाठलाग करतो. ती आर्ततेने सुटकेची प्रार्थना करते आणि तिचे झाड होते, अशी ग्रीक पुराणकथा आहे. बर्निनीने नेमका तो बदलाचा क्षण पकडला. डाफ्नेच्या बोटांना पाने फुटत आहेत, पायांना मुळे येत आहेत, अंगावर साल चढत आहे. ती पाने इतकी पातळ कोरली आहेत, की त्यांतून उजेड झिरपतो. दगडात गती आणावयाची, क्षण पकडावयाचा आणि पाहणाऱ्याचे मन हलवून सोडावयाचे, ही त्या काळातील नव्या कलेची रीत होती. तिला पुढे बरोक शैली असे नाव पडले. बर्निनी हा तिचा सर्वांत मोठा शिल्पकार होय.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. डाफ्नेची ती नाजूक पाने कोरण्यात जुलिआनो फिनेल्ली या साहाय्यकाचा मोठा हात होता. परंतु कीर्ती मिळाली ती एकट्या बर्निनीला. पुढे फिनेल्ली नाराज होऊन निघून गेला. मोठ्या कामामागे अनेकांचे श्रम असतात आणि नाव मात्र एकाचेच राहते, ही जगाची रीत तेव्हाही होती.

१६२३ साली आरसा धरणारा तो बार्बेरिनीच आठवा अर्बन या नावाने पोप झाला. बर्निनीचे भाग्य उजळले. सेंट पीटर हे ख्रिस्ती जगतातील विशाल चर्च नुकतेच पूर्ण होत आले होते. त्याच्या प्रचंड घुमटाखाली, सेंट पीटरच्या समाधीवर, काशाचे छत्र उभारण्याचे काम पोपने त्याला दिले. त्या वेळी त्याचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. घुमट एवढा उंच, की त्याखाली लहान वस्तू खेळण्यासारखी दिसावी आणि मोठी वस्तू चर्चचा मार्ग अडवावी, असा पेच होता. बर्निनीने वेलीसारखे पिळदार चार खांब उभे केले. एवढे ओतकाम एकसंध होणे शक्य नव्हते, म्हणून खांब तुकड्यातुकड्यांनी ओतले. १६२४ पासून १६३३ पर्यंत हे काम चालले. सुमारे २९ मीटर उंचीचे ते छत्र आजही पाहणाऱ्याची मान वर करावयास लावते. त्याच सुमारास, १६२५ साली, पोपने पँथिऑन या प्राचीन रोमन देवालयाच्या ओसरीतील काशाच्या तुळया काढून नेल्या. त्यांतील बहुतेक धातू तोफांसाठी गेला. जुने मोडून नवे करण्याच्या या रीतीवर रोमच्या नागरिकांनी त्या वेळी कडक टीका केली.

याच काळात पितापुत्रांनी रोमला एक गोड भेट दिली. स्पेनच्या चौकात एक कारंजे बांधावयाचे होते. परंतु तेथे येणाऱ्या पाण्याला जोर नव्हता. पाणी उंच उडणार नाही, हे तर उघड होते. मग कारंजे कसले? पिएत्रोने अडचणीतूनच युक्ती काढली. त्याने रस्त्याच्या पातळीखाली एक उथळ कुंड खणले आणि त्यात अर्धी बुडालेली दगडी होडी बसविली. होडीच्या काठांवरून पाणी हळूच पाझरते. त्याला जोराची गरजच उरत नाही. १५९८ च्या डिसेंबरात टायबर नदीला महापूर आला, तेव्हा एक होडी वाहत येऊन याच जागी लागली होती, अशी लोककथा आहे. ज्यान लोरेंझोचा जन्मही त्याच महिन्यातला. १६२९ साली कारंजे पुरे झाले आणि त्याच वर्षी पिएत्रोने देह ठेवला. सान्ता मारिया माज्जोरे चर्चमध्ये, जेथे काम करण्यासाठी तो रोमला आला होता, तेथेच त्याला चिरविश्रांती मिळाली. सेंट पीटर चर्चच्या वास्तुशिल्पज्ञाचे पद त्याच वर्षी मुलाकडे आले.

बर्निनीची चतुराई दाखविणारी एक गोष्ट १६३२ सालची आहे. त्याने कार्डिनल बोर्गेझेचा अर्धपुतळा जवळजवळ पूर्ण केला होता. शेवटचे घाव घालताना संगमरवरातील दोष उघडा पडला आणि कपाळावर आडवी भेग गेली. बर्निनी डगमगला नाही. कोणाला न कळवता त्याने दुसरी शिळा घेतली आणि थोड्याच दिवसांत तसाच दुसरा पुतळा घडविला. कार्डिनल पाहावयास आला, तेव्हा आधी भेगाळलेला पुतळा पुढे केला. बिचाऱ्या कार्डिनलचा चेहरा उतरला. मग बर्निनीने दुसऱ्यावरचे वस्त्र दूर केले! ते दोन्ही पुतळे आज रोममधील बोर्गेझे संग्रहालयात ठेवलेले आहेत.

एवढे यश, एवढा मान मिळाल्यावर मनुष्याचे पाय जमिनीवर राहणे कठीण असते. बर्निनीचा स्वभाव तापट होता. १६३८ साली संतापाच्या भरात त्याने आपला सख्खा भाऊ लुईजी याच्यावर जीवघेणा हल्ला केला आणि एका स्त्रीला नोकराकरवी जखमी करविले. त्याच्या जन्मदात्या आईलाच अधिकाऱ्यांकडे गाऱ्हाणे न्यावे लागले. पोपने मात्र आपल्या लाडक्या शिल्पकाराला क्षमा केली. हातांत कितीही कला असली, तरी अन्याय हा अन्यायच. आणि सत्ताधाऱ्याच्या कृपेने शिक्षा टळली, तरी दोष टळत नाही.

सेंट पीटर चर्चच्या दर्शनी भिंतीच्या दोन टोकांना दोन घंटाघरे बांधावीत, असे पोपने ठरविले आणि १६३७ मध्ये बर्निनीने एकाचे काम सुरू केले. पाया पूर्वीच्या वास्तुशिल्पज्ञाने घातलेला होता. त्याखालची जमीन भुसभुशीत आणि पाणथळ होती. बर्निनीने त्यावर उंच, जड मनोरा चढविला. १६४१ च्या सुमारास चर्चच्या दर्शनी भिंतीला भेगा पडल्या. सारे रोम कुजबुजू लागले. १६४४ साली पोप अर्बन मरण पावला. त्याच्या जागी आलेल्या दहाव्या पोप इनोसंटला अर्बनच्या मर्जीतील माणसे नकोशी होती. चौकशी बसली. बर्निनीचा प्रतिस्पर्धी आणि थोर वास्तुशिल्पज्ञ बोर्रोमिनी याने त्याच्या चुकांवर नेमके बोट ठेवले. अखेर १६४६ साली हुकूम सुटला, की मनोरा पाडून टाकावा. ज्या चर्चच्या मध्यभागी त्याने छत्र उभारून कीर्ती मिळविली, त्याच चर्चच्या दारातून त्याच्या मनोऱ्याचे दगड एकेक करून खाली उतरविले गेले.

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. आजवर बर्निनी दुसऱ्यावर टाकी चालवीत होता. आता ती त्याच्यावर चालली. तो खचला असता किंवा रोम सोडून गेला असता, तरी कोणाला नवल वाटले नसते. त्याने तसे केले नाही. त्याने आपल्याच घरात, कोणी सांगितल्यावाचून, एक मूर्ती घडवावयास घेतली. काळ हा सत्यावरचा पडदा दूर सारतो, अशी तिची कल्पना होती. सत्याची हसरी मूर्ती झाली; काळाची मूर्ती मात्र राहूनच गेली. ही मूर्ती त्याने विकली नाही. आपल्या वंशजांनी ती जपावी, अशी त्याने व्यवस्था केली.

थोड्याच वर्षांत काळाने खरोखरच पडदा दूर केला. पोप इनोसंटला आपल्या वाड्यासमोरील नव्होना चौकात कारंजे उभारावयाचे होते. रोमच्या इतर कलावंतांकडून नमुने मागविले गेले. बर्निनीला कोणी विचारले नाही. तरीही त्याने एक नमुना करून ठेवला. त्याच्या एका हितचिंतकाने तो अशा दालनात मांडला, की पोपची दृष्टी त्यावर पडावी. नमुना पाहताच पोपचा राग विरघळला आणि काम बर्निनीला मिळाले.

त्या कारंज्याची रचना विलक्षण आहे. मध्यभागी खडक आहे. परंतु तो भरीव नाही, चारही बाजूंनी कोरून पोकळ केलेला आहे. त्या पोकळीवर सुमारे १६ मीटर उंचीचा दगडी स्तंभ उभा आहे. ज्याच्या हातचा मनोरा खचला असे लोक म्हणत, त्यानेच पोकळ खडकावर एवढा भार तोलून दाखविला! खडकावर चार खंडांच्या चार नद्या बसल्या आहेत. युरोपची डॅन्यूब, आफ्रिकेची नाईल, अमेरिकेची रिओ दे ला प्लाता आणि आशियाची गंगा. नाईलचा उगम त्या काळी युरोपीयांना ठाऊक नव्हता, म्हणून तिचे मुख वस्त्राने झाकलेले आहे. गंगेतून दूरवर नौका चालतात, म्हणून तिच्या हाती वल्हे आहे. आपण गंगेला माता मानतो. पण रोमन रिवाजाप्रमाणे नद्यांना पुरुषरूप देतात, म्हणून तेथील गंगा दाढीधारी पुरुष आहे. ही मूर्ती बर्निनीच्या आराखड्यावरून क्लोद पुस्सँ या शिल्पकाराने कोरली. १६५१ साली कारंज्याला पाणी सुटले. त्या वर्षांत रोममध्ये धान्याची टंचाई होती. लोकांना भाकरी हवी असताना कारंज्यावर पैसा का खर्चावा, असा त्यांचा रोष होता. आणि तो रोष अनाठायी नव्हता.

पुढे १६५६ ते १६६७ या काळात बर्निनीने आपले सर्वांत भव्य काम केले. सेंट पीटर चर्चसमोर सण-उत्सवांना हजारो भाविक जमत. त्यांच्यासाठी त्याने लंबवर्तुळाकार प्रांगण आखले आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खांबांच्या चार चार रांगा उभ्या केल्या. त्यांत २८४ खांब असून वर संतांचे १४० पुतळे आहेत. जणू आईने लेकरांना जवळ घेण्यासाठी दोन्ही हात पसरावेत, तशी ही रचना आहे. प्रांगणात दोन ठिकाणी जमिनीवर गोल खुणा आहेत. त्या खुणेवर उभे राहून पाहिले, की चार रांगांचे खांब एकामागे एक लपतात आणि एकच रांग दिसते. ज्या चर्चच्या दाराशी त्याचा अपमान झाला होता, त्याच दारापुढे त्याने ही अक्षय कीर्ती उभी केली.

१६६५ साली फ्रान्सचा बलाढ्य राजा चौदावा लुई याने त्याला पॅरिसला बोलाविले. सहासष्ट वर्षांचा बर्निनी मुलगा पाओलो यास बरोबर घेऊन गेला. पिएत्रोने जसे मुलाला घडविले, तसे तो आता आपल्या मुलाला घडवीत होता. राजवाड्याचा त्याचा आराखडा प्रत्यक्षात आला नाही. पण त्याने घडविलेला राजाचा अर्धपुतळा आजही व्हर्सायच्या प्रासादात आहे.

वयाच्या ऐंशीव्या वर्षीही त्याच्या हातातील छिन्नी सुटली नव्हती. अखेरच्या दिवसांत उजवा हात लुळा पडला. सत्तर वर्षे दगडाशी झुंजलेला तो हात आता विसावला. २८ नोव्हेंबर १६८० रोजी रोममध्ये त्याचे देहावसान झाले. ज्याने पोपांच्या थोर समाध्या घडविल्या, त्याच्या स्वतःच्या समाधीवर एक साधी फरशी आहे. सान्ता मारिया माज्जोरे चर्चमध्ये पित्याजवळच तो चिरनिद्रा घेत आहे.

बर्निनीने लोकप्रिय केलेली बरोक शैली युरोपभर पसरली आणि समुद्र ओलांडून आपल्या देशातही आली. जुन्या गोव्यातील बॉम जेझूच्या चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरच्या समाधीखालचा संगमरवरी चौथरा त्याच शैलीतील आहे. तो फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराने घडविला व १६९८ साली तेथे बसविला गेला. तुम्ही कधी गोव्यास गेलात, तर तो अवश्य पाहा. आणि ज्या बापाने आपल्या मुलाला स्वतःहून मोठे होऊ दिले व ज्या मुलाने पाडलेल्या मनोऱ्यानंतरही छिन्नी खाली ठेवली नाही, त्या दोघांचे स्मरण करा.